मोठ्यांनी झाकलेलं

प्रिय मुक्ता,



पत्र मिळालं. ईडिथ नेस्बिटचं चरित्र वाचून तू चांगलीच वैतागलेली दिसतेस. मुलांसाठी लिहिणाऱ्या बाईच्या घरात असले प्रकार चालत असतील, तर तिची पुस्तकं बालवाचनालयात ठेवायची तरी कशी, असं विचारलंयस. ठेव, असं माझं उत्तर. का, ते सांगते.

तिचा जन्म १८५८चा, लंडनच्या केनिंग्टन भागातला. वडील शेतीच्या रसायनशास्त्रातले जाणकार, स्वतःचं शेतकी कॉलेज चालवायचे. ती चार वर्षांची व्हायच्या आतच ते गेले. थोरल्या बहिणीला क्षय, म्हणून आई मुलांना घेऊन हवापालटासाठी देशोदेशी हिंडत राहिली. १८८०मध्ये ह्यूबर्ट ब्लँडशी लग्न झालं, तेव्हा ईडिथला सातवा महिना होता. पाठोपाठ नवऱ्याला देवी आल्या आणि त्याच्या ब्रशच्या धंद्यातला भागीदार पैसे घेऊन पसार झाला. तेव्हापासून शुभेच्छापत्रं रंगवून, कविता न् गोष्टी मासिकांना विकून घर चालवलं ते तिनंच. पुढे पुस्तकांनी नाव आणि पैसा दिला, तेही सगळं घरातच गेलं.

अशीच एका मासिकाच्या कचेरीत तिला ॲलिस होट्सन भेटली. मैत्री झाली, ॲलिस घरी राहायला आली, आणि १८८६मध्ये तिला मुलगी झाली, रोझामंड. बाप ह्यूबर्टच होता. ईडिथला हे उशिरा कळलं, ती ॲलिसला घराबाहेर काढायला निघाली, तेव्हा नवऱ्यानं 'मग मीही जातो' म्हणून बजावलं, असं चरित्रकार सांगतात. शेवटी ईडिथनं ते मूल आपलं म्हणून पदरात घेतलं. १८९९मध्ये जॉन झाला, तोही ॲलिसचा, आणि तोही ईडिथच्याच नावावर वाढला. ॲलिस कुठे गेली नाही. घरातली सगळी व्यवस्था बघत ती तिथेच राहिली. सवत म्हणावी तर मैत्रीण, मैत्रीण म्हणावी तर सवत!

हा ह्यूबर्ट म्हणजे कोणी उनाड माणूस नव्हे. समाज सुधारायला निघालेल्या फेबियन सोसायटीचा तो १८८४पासून कोषाध्यक्ष, आणि वर्तमानपत्रांतून कुटुंबाच्या पावित्र्याचा कैवार घेणारा. ईडिथही काही बिचारी नव्हती. केस आखूड, कॉर्सेटला फाटा, हातात कायम सिगारेट. बर्नार्ड शॉवर ती एके काळी भाळली होती आणि तिचीही प्रेमप्रकरणं झाली. एल्थममधल्या त्यांच्या वेल हॉल या मोठ्या वाड्यात पाहुण्यांची सदा वर्दळ. लेखक एच. जी. वेल्स त्यांतलाच, आणि रोझामंड तरुण झाल्यावर तिच्याशी त्याचं जे प्रकरण झालं, त्यावरून मोठाच गहजब झाला.

१९००मध्ये ईडिथचा पंधरा वर्षांचा मुलगा फेबियन घरीच टॉन्सिलचं ऑपरेशन करताना गेला. पुढच्या वर्षी आलेलं 'द वुडबीगुड्स' त्याला अर्पण केलंय. १९०२चं 'फाइव्ह चिल्ड्रन अँड इट' जॉनला, ॲलिसच्या मुलाला. अर्पणपत्रिकेत तिनं आपलं-परकं केलं नाही, एवढं लक्षात ठेव.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. त्या घरातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट व्यभिचार नाही. ती मोठ्यांची आपापसांतली भानगड, त्यांनी निस्तरली किंवा नाही निस्तरली. खुपतं ते हे, की खरी आई त्याच घरात वावरत असताना रोझामंडला ती बरीच मोठी होईपर्यंत कुणी काही सांगितलं नाही. आणि हीच ईडिथ १९०६च्या 'द रेल्वे चिल्ड्रन'मध्ये काय लिहिते बघ. त्यातल्या मुलांचे वडील एका रात्री घरातून नाहीसे होतात. आई काही सांगत नाही. मुलांना घेऊन खेड्यात राहायला जाते, गोष्टी लिहून पोट भरते, आणि संपादकानं गोष्ट घेतली की त्या दिवशी चहाबरोबर बन. मुलगा पीटर, त्याचा पाय दुखावतो, म्हणून थोरली मुलगी बॉबी स्टेशनवरच्या पर्क्स हमालाकडून त्याच्यासाठी मासिकं आणते. ती एका जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली असतात. त्या रद्दीच्या कागदावर तिला वडिलांचं नाव दिसतं: सरकारी गुपितं विकल्याबद्दल पाच वर्षांची सक्तमजुरी. ती घरी येते आणि तो कागद आईपुढे धरते.

यानंतर आई तिला सगळं सांगते. आणि मग बॉबी रडत बसत नाही; गाडीतून रोज हात हलवणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना चिठ्ठी लिहून मदत मागते. गोष्ट तिथून पालटते. झाकून ठेवलं तोवर मुलगी नुसती सोसत होती, कळल्यावर ती कामाला लागली. मुलांना दुःख पेलतं, फसवणूक पेलत नाही, हे जिनं इतकं नेमकं ओळखलं, तिला स्वतःच्या घरात ते जमलं नाही. यात ढोंग आहे असं तू म्हणशील. मला वाटतं, झाकण्याची किंमत तिला घरातूनच माहीत होती, म्हणून ते प्रकरण इतकं खरं उतरलंय. उपदेश करणारी बाई हे लिहू शकली नसती.

१९१४मध्ये ह्यूबर्ट गेला. १९१७मध्ये तिनं टॉमी टकर नावाच्या बोटीवरच्या इंजिनियरशी लग्न केलं, केंटच्या किनाऱ्यावर साधेपणानं राहिली आणि १९२४मध्ये वारली. थडग्यावरची लाकडी खूण टकरनं स्वतः केली.

तेव्हा पुस्तकं खुशाल मांड. नऊ-दहा वर्षांच्यांना आधी 'द स्टोरी ऑफ द ट्रेझर सीकर्स' दे. त्यातला ऑस्वल्ड गोष्ट कोण सांगतंय ते लपवू बघतो आणि स्वतःचंच कौतुक करून पकडला जातो, मुलं खूश होतात. 'रेल्वे चिल्ड्रन' त्यानंतर. आणि एखाद्या मुलीनं लेखिकेला मुलं किती होती असं विचारलं, तर खरं ते सांग, तिला कळेल एवढं. विषय मात्र बदलू नकोस.

तुझी,
मावशी