धारेवरची वाट



सध्या पोस्टिंग झाशीला आहे. रविवारी वेळ मिळाला की आम्ही सीपरी बाजारात जातो. शिवपुरीचं जुनं नाव सीपरी, आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा बाजार. तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिली गेली ती याच शिवपुरीत, त्यामुळे मराठी माणसाला हे नाव परकं वाटत नाही. गेल्या रविवारी बाजारात टॉर्चचे सेल घेत होतो, तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, डिसेंबरात आम्ही सातजण तोरण्याहून धारेवरून राजगडला जातोय. सामान काय काय घेऊ?"

सामान सांगितलंच. पण धारेवर माणूस अडकतो तो बहुतेक वेळा सामानामुळे नाही, बेत कच्चा असल्यामुळे. म्हणून बाकीचं इथे लिहितो.

बुंदेलखंडातही धारा आहेत. पांढऱ्या गारगोटीच्या दगडाच्या, अरुंद, ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे मैलोन्‌मैल गेलेल्या. पण त्यांची उंची बेताची. खाली शेतं दिसत असतात आणि बऱ्याच ठिकाणी उतरायला जागा सापडते. ती सवय घेऊन सह्याद्रीत जाऊ नये. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर बसून झाला आहे. वरून नुसता गवताचा उतार दिसतो, त्याखाली सरळ तुटलेला कडा असतो आणि तो वरून दिसत नाही. वाट चुकलेली माणसं "खाली गाव दिसतंय" म्हणून नाळेत शिरतात आणि कोरड्या धबधब्याच्या तोंडाशी येऊन अडकतात. तिथून ना खाली जाता येत, ना वर. म्हणून पहिला नियम : वाट चुकली तर थांबायचं आणि ओळखीच्या शेवटच्या खुणेपर्यंत आल्या पावली मागे जायचं. मोबाइलची रेंजही दरीपेक्षा धारेवर मिळण्याची शक्यता जास्त.

तोरणा १४०३ मीटर उंच. बुधला माचीकडून उतरताना घसारा आहे. मग लांबलचक धार, आणि शेवटी राजगडाच्या अळू दरवाजाकडची चढण. म्हणजे खरा दम लागतो तो पाय थकल्यावर आणि पाणी संपत आल्यावर. म्हणून माणशी तीन-चार लिटर पाणी पाठीवर हवंच. धारेवरून उतरणाऱ्या सोंडा कुठे आहेत, कोणती वाट वापरात आहे, हे निघण्यापूर्वी वेल्ह्यात विचारून घ्यायचं. जमलं तर गावातलाच वाटाड्या घ्यायचा.

पलटणीत आम्ही चार गोष्टी कधी सोडत नाही. एक, कोण जातंय, कुठून कुठे, किती वाजता पोचणार, याचा कागद मागे राहणाऱ्याकडे द्यायचा. दोन, प्रत्येक खिंडीत डोकी मोजायची. तीन, सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने सगळे चालणार आणि शेवटचा माणूस अनुभवी असणार. चार, परत फिरायची वेळ पायथ्यालाच ठरवायची. अमुक वाजेपर्यंत अमुक खिंड आली नाही तर मागे. वर गेल्यावर त्यावर चर्चा नाही, कारण वर उत्साह बोलतो.

वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर धार सोडून सुरक्षित वाटेने खाली यायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर चढायचं नाही. कड्यावर आग्या मोहोळ असलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको.

आणि गड आपल्याला सांभाळतो तसं आपणही गडाला सांभाळायचं. २०२५ साली राजगड जागतिक वारसा यादीत गेला, पण भिंतीवर नाव खरवडणाऱ्याला त्याची खबर नसते. टाक्यात पाय धुवायचे नाहीत, ते पिण्याचं पाणी आहे. वाळल्या गवतात शेकोटी नको, वणवा लागायला एक ठिणगी पुरते. वळणं तोडून नव्या पायवाटा पाडायच्या नाहीत, पावसात त्यांच्याच घळी होतात. कचरा पिट्टूत घालून परत आणायचा.

काही झालं तर ११२ लावा. पण हे लक्षात ठेवा, की रात्री दोर घेऊन कड्यावर जी माणसं तुम्हाला शोधायला येतात, ती बहुतेक स्वयंसेवक असतात. कुणी दुकान बंद करून येतं, कुणी जेवणाच्या ताटावरून उठून. त्यांची बायकापोरं त्या रात्री जागी असतात. आपण वेळेवर परत फिरलो, तर तीही घरं सुखाने झोपतात.

जय हिंद!