आणखी कागद

ओझर म्हटले की आपल्याला अष्टविनायकांतला विघ्नहर आठवतो. मलाही इतकी वर्षे तोच आठवे. पण गेल्या पावसाळ्यापासून त्या नावाबरोबर दुसरेच एक गृहस्थ डोळ्यांपुढे येऊन उभे राहतात. आडाम फ्रीडरिश ओझर. अठराव्या शतकातले सॅक्सनीच्या दरबाराचे चित्रकार आणि लाइपझिगच्या चित्रशाळेचे पहिले संचालक. जर्मन जाणकार या नावाचा उच्चार ओठांचा चंबू करून काहीसा निराळा करतात. पण मी पडलो मराठीचा प्राध्यापक, मला ओझरच सोयीचे!

या गृहस्थांची नि माझी गाठ पडली ती एका लग्नामुळे. लग्न माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरचे. पंधराएक वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात होती. जेवणाच्या पंगतीत ती स्वतः वाढायला आली आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला म्हणाली, "हे माझे सर बरं का. यांच्यामुळं माझं शुद्धलेखन इतकं पक्कं झालं, की ऑफिसातले सगळे मसुदे माझ्याकडंच येतात तपासायला."

मास्तर माणसाला एवढे पुरे असते. मी फुललो. त्या भरात विचारून गेलो, "आणि तू गोष्टी लिहायचीस ना? काही छापलंस की नाही?"

"छे हो, सर! तुम्ही ती वही तपासून दिलीत ना, त्यानंतर नाही लिहिलं काही. जिलबी वाढू?"

तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, हीच तर पंचाईत. रागावली असती तर मला काही बचाव तरी करता आला असता. त्या रात्री घरी आल्यावर मी ती वही आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. तिच्या आजीविषयी काहीतरी होते त्यात. पण काय होते? आजी काय करत असे, काय म्हणत असे, एक अक्षर आठवेना. आठवत होती ती फक्त लाल शाई. ऱ्हस्व-दीर्घ, विभक्तीची चूक, 'हा शब्द खटकतो', 'पुनरुक्ती', 'पाल्हाळ'. समासातही जागा उरली नव्हती. त्या काळी मी मोठ्या मेहनतीने वह्या तपासत असे आणि त्याचा मला अभिमानही होता.

पुढे जून-जुलैत एक दिवस पावसाने वर्गात कोणी फिरकले नाही, म्हणून ग्रंथालयात जाऊन बसलो आणि हाताला लागले ते गटेचे आत्मचरित्र. इंग्रजी भाषांतर, पाने पिवळी पडलेली. गटे साठी उलटल्यावर आपले विद्यार्थिदशेतले दिवस आठवतो आहे. 1765 साली, सोळा वर्षांचा असताना, तो कायदा शिकायला लाइपझिगला आला. कायद्यात त्याचे मन रमेना, हे वेगळे सांगायला नको. तो चित्रकला शिकायला जाऊ लागला ओझरकडे.

ही चित्रशाळा होती प्लाइसेनबुर्ग नावाच्या जुन्या गढीत. नागमोडी जिना चढून गेले की डाव्या हाताला शाळेची ऐसपैस, उजेडाची दालने. खुद्द संचालकांकडे जायचे मात्र एका अरुंद, काळोख्या बोळातून, आणि त्या बोळाच्या एका बाजूला धान्याचे कोठार! दरबारी चित्रकाराचे बिऱ्हाड म्हणून आपण काय काय कल्पना करतो. आणि इथे गव्हाच्या पोत्यांशेजारी कला नांदत होती. मला तर हे वाचून हायसे वाटले. आमची स्टाफरूमसुद्धा सायकल स्टँडच्या माथ्यावर आहे.

तर एकदा हा मुलगा निळ्या कागदावर फुलांचा गुच्छ काढत बसला होता. पांढरा खडू, काळा खडू. समोरच्या नमुन्याबरहुकूम तो कुठे खडू पुसून, कुठे बारीक रेघा मारून चित्राला उठाव आणू पाहत होता. बराच वेळ असे चालले असताना ओझर मागे येऊन उभे राहिले, कागद आणखी हवा एवढेच बोलले आणि चालते झाले. गटे नि शेजारचा विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे बघतच राहिले. कागद तर चांगला मोठा होता, गुच्छाभोवती हवी तेवढी मोकळी जागा होती. मग आणखी कागद कशाला? पुष्कळ डोके खाजवल्यावर त्यांच्या ध्यानात आले. निळ्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काढायचे ते अशासाठी की कागदाचा निळा रंगच उजेड आणि सावली यांच्या मधली छटा होतो. चित्रातला तेवढा भाग चित्रकाराने काढायचा नसतो, राहू द्यायचा असतो. आणि या मुलाने काळ्यात पांढरे कालवून खालचा सगळा निळा रंग गिळून टाकला होता. कष्ट अतोनात, आणि चित्र कुरूप.

मी पुस्तक मिटले. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे समासापर्यंत लाल झालेली ती वही होती.

त्यानंतर या ओझरने माझा पिच्छा सोडला नाही. मिळेल तिथून मी त्यांची माहिती गोळा केली. जन्म 1717 चा, प्रेसबुर्ग गावचा. आज त्याला ब्रातिस्लाव्हा म्हणतात. शिक्षण व्हिएन्नात. 1739 साली ते ड्रेस्डेनला आले. तिथे 1754 साली त्यांच्या घरी एक ग्रंथपाल राहायला आला. चांभाराचा मुलगा, ग्रीक विद्येने झपाटलेला. नाव विंकेलमान. ओझर त्याला रेखाटन शिकवीत, आणि दोघांची बोलणी चालत. 1755 साली विंकेलमानने ग्रीकांच्या कलेवर एक लहानशी पुस्तिका काढली. थोर कला साधी असते आणि आतून शांत असते, हे तिचे सार. युरोपची रुची तिने पालटून टाकली. आतली चित्रे ओझरची होती. विचारांतला त्यांचा वाटा किती? एका घरात राहणाऱ्या दोन माणसांच्या बोलण्यातून ते निवडून काढणे म्हणजे दुधातले पाणी शोधणे!

विंकेलमान रोमला गेला. 1756 साली प्रशियाच्या राजाने सॅक्सनीवर स्वारी केली. दरबारच उठून पोलंडला गेल्यावर चित्रकारांना कोण विचारतो? ओझरनी एका सरदाराच्या वाड्यात भिंती रंगवून दिवस काढले आणि 1759 मध्ये ते लाइपझिगला आले. सात वर्षांच्या युद्धात राज्य पार पोळून निघाले होते. कारागिरांच्या हाताला वळण लागावे, धंदे पुन्हा उभे राहावेत, या हेतूने 1764 साली ही चित्रशाळा निघाली आणि ओझर तिचे संचालक झाले, ते 1799 साली वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मरेपर्यंत. पस्तीस वर्षे एका खुर्चीत! आमच्याकडे असते तर तीन वेळा चौकशी झाली असती.

ते थोर चित्रकार नव्हते. गटेच त्यांच्या चित्रांना धूसर म्हणतो. रूपकांचा त्यांना भारी सोस. 1766 साली लाइपझिगला नवे नाट्यगृह बांधले, त्याचा पडदा ओझरनी रंगवला. त्यात प्राचीन नाटककारांचे पुतळे, आधुनिकांचे घोळके, आणि त्यांच्या मधून एक माणूस साधी बंडी घालून कोणाकडे न बघता सरळ कीर्तीच्या मंदिराकडे चाललेला. तो शेक्सपिअर! हा पडदा मला पाहायला फार आवडला असता. त्यांची पुष्कळशी चित्रे लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये आहेत. 1989 च्या शरद ऋतूत पूर्व जर्मनीतले लोक दर सोमवारी प्रार्थनेला जमत आणि तिथून शांतपणे मोर्चाने निघत, तेच हे चर्च. प्लाइसेनबुर्ग मात्र आता नाही. तिच्या जागी नगरभवन उभे आहे. चित्रशाळा आजही चालू आहे, निराळ्या नावाने, निराळ्या इमारतीत.

शिक्षक म्हणूनही ते निर्दोष होते असे मला म्हणवत नाही. ओझर कल्पना देत, दृष्टी देत; हात तयार करून देत नसत, ही गटेची तक्रार आहे, आणि ती मला पटते. वीस वर्षे हा माणूस आपण चित्रकार होऊ या आशेवर चित्रे काढत राहिला आणि शेवटी इटलीत गेल्यावर त्याला उमगले की हे आपले काम नव्हे. शुद्धलेखन शिकवायलाच हवे, हो! ते न शिकवता नुसते मागे येऊन दोन शब्द टाकून जाणारा मास्तर आमच्या कॉलेजात असता तर मीच त्याच्याविषयी कुजबुजलो असतो.

पण मग लाइपझिग सोडल्यावर थोड्याच दिवसांत गटेने ओझरना लिहिलेले पत्र? तो म्हणतो की बाकीच्यांनी एक तर माझी सरसकट निंदा केली, नाही तर सरसकट स्तुती. माझ्यात जे काही आहे ते वाढावे असे उत्तेजन तुम्हीच दिलेत. 1770 साली दुसऱ्या एका पत्रात त्याने आपले खरे गुरू तीनच सांगितले. त्यांत शेक्सपिअरच्या शेजारी ओझर आहेत.

1768 च्या उन्हाळ्यात विंकेलमान जर्मनीला यायला निघाला होता. तो लाइपझिगला येणार म्हणून ओझर हरखून गेले होते. पोरांनी तर त्याला पाहायला वाटेवर जाऊन थांबायचे बेत रचले होते. आणि बातमी आली ती त्रिएस्तच्या खाणावळीत त्याचा खून झाल्याची. त्याच ऑगस्टमध्ये, आपल्या एकोणिसाव्या वाढदिवशी, आजारी गटेही लाइपझिग सोडून घरी गेला. एका उन्हाळ्यात दोन्ही शिष्य गेले. सप्टेंबरात ओझर पुन्हा त्या काळोख्या बोळातून वर्गावर गेले असतील, दुसऱ्या कोणाच्या तरी मागे जाऊन उभे राहिले असतील.

मी माझ्या विद्यार्थिनीला पत्र लिहायला तीनदा बसलो. तीनदा कागद फाडला. क्षमा मागावी तर ती हसेल; पुन्हा लिही म्हणावे तर कोणत्या तोंडाने? शेवटी एवढेच लिहिले की तुझ्या आजीची गोष्ट मी विसरलो, ती पुन्हा सांगशील का. उत्तर अजून आलेले नाही.

सहामाहीच्या वह्या मात्र आल्या. प्रथम वर्षाच्या एका मुलाने नदीवर निबंध लिहिला होता. विशेषणांची नुसती गर्दी, श्वास घ्यायला जागा नाही. लाल पेन उघडले, पुन्हा मिटले, आणि खाली पेन्सिलीने लिहिले, 'आणखी कागद हवा.' स्वतःवर जरा खूषच झालो.

दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दाराशी हजर.

"सर, पुरवणी जोडून आणलीये. किती पानं भरू?"

त्याच्या हातात दोऱ्याने बांधलेले चार कोरे ताव होते.