विमान दीड तासाचं, वाट तीन तासांची

नागपूर-मुंबई विमानानं साधारण दीड तास. पण यवतमाळहून नागपूर गाठायलाच दीडशेक किलोमीटर, एसटीनं तीन तास! आपल्याकडे धावपट्टी आहे, २००९ मध्ये ती खासगी कंपनीला भाड्यानं दिली. तरी तिकीट काढून बसावं असं विमान काही आलं नाही. मूर्तिजापूरला जाणारी ११३ किलोमीटरची शकुंतलाही थांबली. वर्ध्याकडून रेल्वे २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचली.

बाबा गेले तेव्हा मुंबईच्या भावाला विमान लगेच मिळालं. नागपूरहून घरी येईस्तोवर मात्र अंधार पडला. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी केला.

म्हणून सांगतो, विमानाच्या घोषणा नंतर करा. आधी यवतमाळहून नागपूरला थेट रेल्वे द्या. पटत असेल तर आपल्या आमदार-खासदारांना विचारा.