पुढे म्हणजे खाली

तर झालं असं की गेल्या मे महिन्यात मी बाबांच्या ट्रॅक्टरचा लोडर अपग्रेड केला. 'केला' म्हणजे पैसे मी दिले, मॉडेल मी निवडलं आणि जुन्यातलं काय ठेवायचं, काय फेकायचं हेही मीच ठरवलं. पुढे जे झालं त्यात या तिन्ही गोष्टींचा हात आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

लोडर म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडाला बसवलेले दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला मोठी बादली. माती, शेणखत, चिरे, जे असेल ते उचलायचं आणि नेऊन ओतायचं. ऑफिसात हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मग सरळ जेसीबी का नाही बोलवत?" बोलवतो ना. पण जेसीबी तासावर मिळतो आणि पावसाच्या तोंडावर तो सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हवा असतो. शिवाय ते धूड साडेसात टनांच्या आसपास भरतं. कलमांच्या ओळींतून फिरलं की फांद्या मोडतं आणि मुळांवरची जमीन दाबून टाकतं ते वेगळंच. वाट्टेल तेव्हा घमेलंभर माती हलवायला घरचाच लोडर बरा.

आणि आमच्याकडे माती हलवावीच लागते. आमची बाग रत्नागिरीहून पावसला जाताना गोळपच्या बाजूला आहे. (पावस म्हणजे गाव. पाऊस तर सगळीकडेच आहे, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर.) वर सडा, म्हणजे उघडा कातळ, आणि खाली उतारावर जुनी बाग. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या कातळांवर हापूसची कलमं उभी राहिली, त्यातलीच आमची वरची बाग. आजोबांनी सुरुंग लावून जांभ्यात खड्डे पाडले. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल. आता हिशेब करा. एका खड्ड्याला एक घनमीटर माती, म्हणजे सत्तर-ऐंशी घमेली. दहा मीटरवर एक कलम धरलं तर एकरी चाळीस खड्डे. ही सगळी माती खालून वर, माणसांच्या डोक्यावरून. आणि दर पावसाळ्यात त्यातली थोडी वाहून जाणार, की पुन्हा भर घाला. आजोबांची मान शेवटपर्यंत एका बाजूला कललेली होती. 'हापूसने दिलेली मान' असं आजी म्हणायची.

त्यामुळे २०१० साली बाबांनी सेकंडहँड ट्रॅक्टर घेतला आणि वर्कशॉपमधून लोडर बनवून आणला, तेव्हा घरात सणासारखं वातावरण होतं. मी सातवीत होतो. तो लोडर म्हणजे जुगाडाचा बाप होता. उचलायला दोन सिलिंडर, तेही एकमार्गी. तेलाच्या दाबाने हात वर जायचे आणि खाली यायचे ते स्वतःच्या वजनाने. बादली ओतायला एक दोरी. दोरी ओढली की खिट्टी सुटायची आणि बादली धाडकन उलटी. अर्धी बादली ओतायची सोयच नव्हती. एकच दांडा होता: पुढे ढकलला की हात वर, मागे ओढला की खाली. आणि ट्रॅक्टरच्या पाठीमागे, नांगर लावतात तिथे, एक गंजकं पिंप टांगलेलं असायचं, सिमेंट काँक्रीटने भरलेलं. ते बघून माझे मित्र विचारायचे, "हे काय रे, दारूगोळा?"

हे पिंप लक्षात ठेवा.

मी मेकॅनिकलला गेलो, आणि आमच्या बॅचमधल्या अर्ध्या मेकॅनिकलवाल्यांसारखा कॅम्पसमधून आयटीत पडलो. जुन्या सिस्टिम काढून नवीन बसवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. गेल्या वर्षी बोनस मिळाला, बाबांची साठी झाली होती, आणि दोरी ओढून ओढून त्यांचा उजवा खांदा कुरकुरत होता. म्हटलं, चला, यांचाही अपग्रेड करू.

नवा लोडर खरंच देखणा होता. चार सिलिंडर, सगळे दुमार्गी, म्हणजे बादली जोर लावून खालीही दाबता येते. हात वर जाताना बादली आपोआप सपाट राहते, माती अंगावर सांडत नाही. दोरी नाही, खिट्टी नाही. उजव्या हाताशी एकच जॉयस्टिक: मागे-पुढे केली की हात, डावी-उजवीकडे केली की बादली. लॅपटॉपवर मी तीन मॉडेलांचा तक्ता केला होता. किती किलो, किती उंच, वॉरंटी किती. बाबांनी तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "बरं. तुला पटतंय ना?"

फिटिंगच्या दिवशी मी आंबा घाट उतरून सकाळी सातला घरी पोचलो. दुपारपर्यंत लोडर चढला. मागे ते पिंप लोंबत होतं. नव्याकोऱ्या रंगापुढे ते इतकं भिकार दिसत होतं की काही विचारू नका. मी पिना काढल्या आणि आमच्या गुरख्याच्या मदतीने ते गडग्याच्या कडेला लोळवलं. बाबा व्हरांड्यातून बघत होते. काही बोलले नाहीत. फिटिंगवाला मुलगाही काही बोलला नाही. पुस्तिकेत मागे वजन लावण्याबद्दल एक परिच्छेद होता, बारीक अक्षरात. मी तो नंतर वाचला.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप. सड्यावरच्या ढिगातून बादली भरायची आणि साठ-सत्तर मीटर उतार उतरून खालच्या बागेत टाकायची. एवढ्याशासाठी ट्रॉली कशाला? मी खाली उभा राहून मोबाईलवर व्हिडिओ घेत होतो, फॅमिली ग्रुपवर टाकायला.

व्हिडिओ एक्केचाळीस सेकंदांचा आहे. पहिली पंधरा-वीस सेकंद छान चाललंय. बादली छातीएवढ्या उंचीवर, बाबा ऐटीत. मग ट्रॅक्टरचा वेग जरा वाढतो. बाबा ब्रेक दाबतात. मागची मोठी चाकं थांबतात, अगदी थांबतात, फिरतच नाहीत, आणि ट्रॅक्टर तरीही खाली येतच राहतो, सुट्या खडीवरून घसरत. बाबांचा उजवा हात जॉयस्टिक मागे ओढतो. बादली वर जाते. हात पुन्हा ओढतो. बादली आणखी वर. मग "बाजूला हो!" अशी किंकाळी, आणि त्यापुढे फक्त आभाळ आणि माझी चप्पल.

डावीकडे दरी होती, समोर मी होतो. बाबांनी उजवीकडे वळवून ट्रॅक्टर गडग्यावर घातला. तीन-चार मीटर गडगा कोसळला, बोनेटपुढची जाळी आत गेली. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. खाली उतरले, चिरे बघितले, म्हणाले, "उद्या गडगा लावून घेऊ," आणि घरी जाऊन झोपले. दुपारी साडेअकराला. बाबा दुपारी साडेअकराला झोपलेले मी जन्मात बघितले नव्हते.

रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "आता ट्रॅक्टरवर दुसरा कोणीतरी बघायला हवा. माझा हात चुकायला लागला."

मी आमटी ओरपत राहिलो.

कारण तोपर्यंत मी तो व्हिडिओ दहाएक वेळा बघितला होता आणि मला सगळं कळलं होतं. शेतीच्या साध्या, टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. एरवी चालतं, कारण ट्रॅक्टरचं बरंचसं वजन मागेच असतं. पण पुढच्या आसाच्याही पुढे पाचशे किलो माती टांगली की पुढचा आस टेकूसारखा होतो आणि मागची बाजू सी-सॉसारखी हलकी होते. त्यात उतार, त्यात बादली उंच. हलक्या चाकाला कितीही ब्रेक लावा, ते थांबतं, गाडी थांबत नाही. ते गंजकं पिंप दोनशे लिटरचं होतं. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो, म्हणजे पिंप झालं ४८० किलो. ते मागच्या आसाच्याही मागे टांगलेलं असल्याने नुसतं मागे वजन द्यायचं नाही, पुढच्या आसावरचा भारही उचलून धरायचं. पहिल्या वर्षाच्या इंजिनीअरिंग मेकॅनिक्सचं गणित आहे हे. मला त्यात डिस्टिंक्शन होतं.

आणि हात. बाबांचा हात चुकला नव्हता. पंधरा वर्षं 'मागे ओढलं की खाली' हे त्या हाताला पाठ होतं. घसरताना बादली जमिनीत रोवून थांबायचं हा बरोबर उपाय त्यांना एका सेकंदात सुचला आणि त्यांनी तो केला. नव्या लोडरमध्ये पुढे म्हणजे खाली आणि मागे म्हणजे वर. चालवायची पद्धत उलटी झालीये हे बसवणाऱ्याने, म्हणजे मी, नीट सांगितलंच नव्हतं. 'सोपं आहे, विमानासारखं आहे' एवढंच म्हणालो होतो. बाबा आयुष्यात विमानात बसलेले नाहीत.

हे सगळं बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले. दोन दिवस माझ्या वडिलांना 'आपण म्हातारे झालो' असं वाटू दिलं, कारण 'माझं चुकलं' म्हणणं जड जात होतं. ऑफिसात मी चुका कबूल करण्याच्या मीटिंगा घेतो. असो.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मोबाईल त्यांच्यापुढे धरला. व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवला. हा हात बघा, बरोबर मागे गेला. ही चाकं बघा. आणि पिंप मी काढलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पहिल्याच पावसाळ्यात मागचं चाक उचललं होतं, खताच्या ढिगावर. तेव्हा भरलं ते पिंप."

"मग मी काढत होतो तेव्हा बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तू इंजिनीअर. नव्यात लागत नसेल."

यावर काय बोलणार...

मग मला एक आयडिया आली (याच आयडिया महागात पडतात). म्हटलं, पद्धत उलटी आहे ना, मग सिलिंडरचे दोन पाइप एकमेकांच्या जागी जोडू. मागे ओढलं की पुन्हा खाली! कीबोर्डची बटणं बदलतात तसं. जाळी सरळ करायला रत्नागिरीहून मेकॅनिक आला होता, पस्तिशीचा असेल, त्याला विचारलं. त्याने जॉयस्टिक पुढे ढकलली, मग आणखी जोर लावून पुढे, आणि ती टक्‌ करून अडकली. "ही तरंगती अवस्था, दादा. इथे तेल दोन्हीकडून मोकळं असतं. बादली जमिनीवरून चढउताराप्रमाणे आपली आपण घसरते, सपाटी करायला. आता पाइप उलटे केलेत तर पुढे म्हणजे वर होईल. कोणी घाईत वर नेताना जास्त ढकललं, की भरलेली बादली सरळ खाली. कोणाच्या डोक्यात घालायचीय?" आणि वर म्हणाला, "उद्या दुसऱ्या कोणी चालवला तर त्याला काय सांगणार, हा ट्रॅक्टर उलटा आहे म्हणून?"

पिंप मात्र त्याच संध्याकाळी परत चढलं. मी त्याला लाल रंग देऊ का विचारलं. बाबा म्हणाले, गंज वजन कमी करत नाही.

राहिला हात. त्याला अपग्रेड करायचा पुस्तिकेत काही परिच्छेद नव्हता. रविवारी सकाळी बाबा एकटेच सड्यावर गेले. सपाट भाग, आजूबाजूला कोणी नाही. मी लांबून, बोंडूच्या झाडाआडून बघत होतो. एका ढिगातून बादली भरायची, दहा मीटरवर नेऊन ओतायची. ढीग संपला की तोच पुन्हा पहिल्या जागी. बादली गुडघ्याच्या वर नाही. मधूनच थांबायचे, हात मांडीवर ठेवायचे, पुन्हा जॉयस्टिकवर. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं, "पुढे खाली, मागे वर. पुढे खाली, मागे वर." शाळेतल्या पाढ्यांसारखं.

पश्चिमेला ढग भरून आले होते. मृग जवळ आला होता, वरच्या तीस खड्ड्यांची भर अजून बाकी होती, आणि मला रात्रीची गाडी होती. मला बघून त्यांनी इंजिन बंद केलं.

"व्हिडिओ घेतोयस का?"

"नाही."

"मग घरी जा. कोणी बघत असलं की चुकतं."