आमच्या घरी आली बेस गिटार!

गेल्या दिवाळीत भिशीचा माझा नंबर लागला. या पैशांची घरघंटी घ्यायची, हे मी केव्हाच ठरवून ठेवलं होतं. दळणाचा डबा घेऊन गिरणीत जायचं आणि वीज गेली की तिथंच ताटकळायचं, याचा कंटाळा तुम्हाला मी काय सांगावा? पण आमच्या आठवीतल्या लेकीने सगळा बेतच उधळला. तिला बेस गिटार हवी होती.

"गिटार ती गिटार. त्यात बेस काय नि बिनबेस काय?" मी म्हटलं.

"आई, डग्ग्याशिवाय तबला ऐकशील का गं?" ती म्हणाली आणि मोबाईलवर मोहिनी डे दाखवू लागली. मुंबईची मुलगी, जन्म 1996 चा. वडीलही बेस वाजवणारे. त्यांनी तिला तिसऱ्या वर्षापासूनच हाताशी धरलं. पुढे ए. आर. रहमान, झाकीर हुसेन अशांबरोबर ती वाजवू लागली. मला बोटं पळताना दिसली, ऐकू मात्र धड काही येईना. मग लेकीने कानात इअरफोन खुपसले आणि छातीत काहीतरी धडधडलं. या वाद्याची सर्वांत खालची तार सेकंदाला जेमतेम 41 वेळा कंप पावते. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरला एवढा खर्ज झेपतच नाही.

घरात सभा भरली. हे म्हणाले, "शिकायचंच तर हार्मोनियम शीक, निदान कुणाला साथ तरी होईल." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "हाई काय शे वं माय? आते पोर बँडमा वाजाडी का?" लेक ताटावरून उठून गेली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही, माझ्याशीसुद्धा.

मग रात्री भांडी आवरल्यावर मी स्वतःच वाचू लागले. पूर्वी माणसाहून उंच असं उभं बेस वाद्य असे. 1951 साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गिटारसारखी गळ्यात अडकवायची विजेवरची बेस बाजारात आणली. चारच तारा, गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली. डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन ती उजव्या हाताच्या एकाच बोटाने छेडत. लोक त्यांच्या तालावर नाचले, पण रेकॉर्डच्या वेष्टणावर त्यांचं नाव येईपर्यंत 1971 साल उजाडलं. आपल्याकडे तरी काय वेगळं? पंचमदांची गाणी आपण लग्नाआधीपासून गुणगुणतो, पण त्यांच्या वाद्यवृंदात बेस वाजवणारे टोनी वाझ तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहेत? मला तरी नव्हते.

पण मी खरी अडकले ती कॅरोल केपाशी. लॉस एंजेलिसची ही बाई मुळात गिटार वाजवायची, पदरी मुलं होती. 1963 साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून तिने ती हातात घेतली आणि पुढे खोलीभर पुरुषांत बसून हजारो गाणी वाजवली. 1967 च्या 'द बीट गोज ऑन' या गाण्याची ओळखच मुळी तिने बसवलेली ती खालची चाल आहे. 1969 साली तिने बेस शिकवणारं पुस्तकही लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, "अगबाई, हे तर आपल्या संसारासारखंच! सगळं तोलून धरायचं आणि नाव कुठेच नाही." मलाही तसंच वाटलं होतं. पण बायांनो, कॅरोल केला प्रत्येक गाण्याचे पैसे मिळत होते!

त्या वाक्यावर मी स्वतःशीच हसले आणि सकाळी यांना सांगितलं, "घरघंटी पुढच्या भिशीवर. पैसे माझे आहेत." इतक्या वर्षांत 'माझे' हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला असेन. हे काही बोलले नाहीत. मात्र रविवारी धुळ्याला जायची एस.टी. किती वाजता आहे, ते त्यांनीच विचारून ठेवलं.

तुमच्या मुलीला घ्यायची झाली तर एक ध्यानात ठेवा. नेहमीच्या बेसच्या तारांची लांबी 34 इंच असते. लहान हातांना ती पुरत नाही, बोटं ताणून दुखतात. 30 इंचांचीही मिळते, तीच मागा. ॲम्प्लिफायर घराला छोटासा पुरतो. पहिले काही आठवडे बोटांना फोड येतात, त्याने घाबरू नका.

सासूबाई अजून तिला 'ढुमढुमं' म्हणतात. पण परवा त्यांच्या भजनाच्या वेळी लेक आतल्या खोलीत वाजवत होती आणि त्यांच्या टाळ्या, मी पाहिलं, तिच्याच ठोक्यावर पडत होत्या.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी वीज गेली. ॲम्प्लिफायर बंद. अंधारात नुसती तारांची बारीकशी कुरकुर. मी म्हटलं, "आता ठेव गं ते, काही ऐकू येत नाही."

"इकडे ये," ती म्हणाली, "हनुवटी टेकव इथे, लाकडावर."

मी पिठाच्या हातानेच वाकले आणि हनुवटी टेकवली. तिने सर्वांत खालची तार छेडली.

"आलं?"

"आलं. थांबू नकोस."