नाव तेच राहू दे

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पाच संगणक आहेत. देवघेवीच्या टेबलावर एक, दाखल नोंदीचा एक, बालविभागात एक, वाचकांना पुस्तक शोधायला एक आणि पाचवा ग्रंथपालबाईंच्या खोलीत. पुस्तकांचा प्रोग्राम राहतो फक्त या पाचव्यावर. बाकीचे चौघे भिंतीकडेने गेलेल्या निळ्या केबलीतून त्याच्या दारी जातात. गेल्या पावसाळ्यात तो पाचवा थकला, त्याच्या जागी नवा आला, आणि दुसऱ्या सकाळी बाईंचा फोन आला, "जरा येऊन जाता का? प्रोग्राम सगळीकडून गेलाय हो."

प्रोग्राम होता तिथेच होता. नव्या संगणकावर एकूण एक पुस्तकाची नोंद सुखरूप उतरली होती. बुजले होते ते चार टेबलांवरून तिथवर येणारे रस्ते.

पडद्यावरच्या चित्राच्या कोपऱ्यात इवलासा वाकडा बाण असतो. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हापासून तो आपल्या ओळखीचा आहे. तो बाण सांगतो, की हा प्रोग्राम नव्हे, हा त्याचा पत्ता. अख्खी फाइल असते एक-दोन किलोबाइटची. वाचनालयात वाढलेल्या माणसाला हे नवे नाही. लाकडी खणांतल्या तालिकेची कार्डे आम्ही बोटांनी चाळली आहेत. कार्डात गोष्ट नसते, कोपऱ्यात नुसता वर्गांक असतो. पण तो चुकला तर पुस्तक कपाटात असून नसल्यासारखे.

मी एकेका टेबलाशी बसलो. बाणाच्या चित्रावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज उघडली, की ‘टार्गेट’च्या चौकटीत पत्ता दिसतो. चार टेबलांवर तीन तऱ्हांचे पत्ते निघाले. ज्याने जेव्हा जोडले, त्याने त्या वेळच्या घाईत सुचेल तसे लिहिले होते. देवघेवीला ‘झेड’ ड्राइव्हचा पत्ता होता. हे अक्षर त्या एका संगणकापुरते ठरवलेले, शेजारच्या टेबलावर त्याला अर्थ नाही. दाखल नोंदीला १९२.१६८ने सुरू होणारा आकडा होता. असे आकडे राउटर वाटतो, दवाखान्यात टोकन वाटतात तसे. मुद्दाम कायमचा करून घेतला नाही, तर आजचा आकडा उद्या दुसऱ्याच्या हाती. बालविभाग आणि शोधाचा संगणक मात्र नावाने हाक मारत होते: दोन उलट्या तिरप्या रेघा, मग जुन्या संगणकाचे नाव, ‘ग्रंथघर’, आणि पुढे सामायिक फोल्डर.

त्या नावाचे आता कोणीच उरले नव्हते. नवा संगणक आला तो विंडोजने दिलेले नाव घेऊन, ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अक्षर-आकड्यांची जुळणी. बाई म्हणाल्या, "हे कसलं नाव? आपण दुसरं छानसं ठेवू या."

"नाव तेच राहू दे, बाई," मी म्हटले.

आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. घरी ती हाक थांबत नाही, तिला ओ मिळत राहते. आधी बंद पडून असलेल्या जुन्या संगणकाची केबलही काढली, कारण एका जाळ्यात एकाच नावाचे दोघे नांदत नाहीत. मग नव्याला ‘ग्रंथघर’ नाव दिले, फोल्डरही जुन्याच नावाने सामायिक केले, चारही टेबलांची वापरनावे त्यावर घातली. नवा संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. बालविभागातल्या चित्रावर दोनदा टिचकी मारली आणि प्रोग्राम उघडला. तिथे मला हातही लावावा लागला नव्हता.

उरलेल्या दोन टेबलांवर अक्षर आणि आकडा पुसून नावाचा पत्ता लिहिला. देवघेवीवर सकाळ-संध्याकाळ माणसे बदलतात. तिथे चित्र पब्लिक डेस्कटॉपवर ठेवले, म्हणजे कोणीही लॉगिन केले तरी समोर दिसेल. दाखल नोंदीचा प्रोग्राम उघडला, पण एकही पुस्तक दाखवेना. बाई खुर्चीतून उठल्याच. दाखल नोंदवहीतून संगणकात आलेली एकेक नोंद त्यांनी स्वतः तपासली होती. पुन्हा प्रॉपर्टीज उघडली. ‘टार्गेट’ खालच्या ‘स्टार्ट इन’मध्ये जुना आकडा तसाच होता. प्रोग्राम घरी पोचला होता आणि सामान जुन्या बिऱ्हाडी शोधत होता. ती ओळ बदलली, आणि पुस्तके रांगेने उभी राहिली. बाई सावकाश खाली बसल्या.

चहा घेताना त्यांनी एक जुनी वही काढली. कपाट हलवले, की संध्याकाळी कुलूप लावण्याआधी त्याची नोंद या वहीत होते आणि कार्डेही त्याच दिवशी बदलतात. हलवणाऱ्याने सांगायचे, शोधणाऱ्याला शोधत बसवायचे नाही, हा त्यांचा नेम. माझ्या कामाचा सगळा धर्म त्या नेमात आहे असे मला वाटले. शेवटची नोंद होती चरित्रांचे कपाट माडीवर नेल्याची. तिच्याखाली मी तारीख घातली, पूर्ण पत्ता लिहिला आणि पुढे एक ओळ: पुस्तकांचा प्रोग्राम नव्या संगणकावर हलवला, नाव तेच.

बाहेर देवघेवीवर बसलेल्या मामांनी पुस्तक परत घेतले, चित्रावर टिचकी मारली आणि पुढच्या वाचकाकडे पाहिले.