एक मागणे

2020 सालच्या पवित्र सप्ताहात आमच्या चर्चचे दरवाजे बंद होते. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या नव्हत्या. पवित्र गुरुवारी पाय धुवायला कोणी नव्हते. 12 एप्रिल रोजी पुनरुत्थानाची मिस्सा मी रिकाम्या बाकांपुढे अर्पण केली. समोर फक्त एक मोबाइल फोन उभा केलेला. प्रवचन कसे करावे हे सेमिनरीत शिकविले होते. ऐकणारा समोर नसताना ते कसे करावे, हे कोणी शिकविले नव्हते. पुढे माझे शब्दच आटले. जुन्या वह्या काढून मी तीच प्रवचने वाचू लागलो आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही, याचे समाधानही मानू लागलो. किती थकलो होतो, हे त्यावरून कळावे.

दुसऱ्या वर्षी रोगाची लाट पुन्हा आली, तेव्हा रात्री झोप येत नसे. मग ‘ख्रिस्तपुराण’ उघडून बसे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली इंग्लंडहून पोर्तुगालमार्गे गोव्यात आले. 1583 साली कुंकळ्ळी येथे त्यांचे पाच येशूसंघीय बंधू मारले गेले. (त्याआधी तेथील देवळे पाडली गेली होती, हेही आपण विसरू नये.) अशा प्रसंगानंतर एखादा परदेशी माणूस खचला असता, निदान कडवट झाला असता. हे मात्र साष्टीतच राहिले, लोकांची भाषा शिकत राहिले आणि तेहतीस वर्षांनी, 1616 मध्ये, रायतूर येथे सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे पुराण छापून झाले. पुराणाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हांला दुसरे पुराण का देत नाही? सेमिनरीत असताना हा प्रसंग मला केवळ कवीचा रिवाज वाटला होता. मी तो भराभर ओलांडून गेलो होतो.

अशाच एका रात्री फोन वाजला. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध माता बोलत होती. तिचे यजमान इस्पितळात वारले होते. दफनाच्या वेळी चौघेच हजर होते आणि ती स्वतः विलगीकरणात, घरात बंद.

“फादर, मला माती पण देता आली नाही,” ती म्हणाली. “आता घरात बसून मी काय म्हणू, ते लिहून द्या. पुस्तकातलं नको. आमच्या तोंडात बसेल असं द्या.”

मी ‘उद्या देतो’ म्हणालो. फोन ठेवल्यावर समोर उघडे पडलेले पुराण दिसले. तो ब्राह्मण अजून तिथेच उभा होता.

पहाटेपर्यंत दोन पाने झाली. कित्येक महिन्यांत प्रथमच मी एका माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवून लिहीत होतो. ‘अनंतकालिक विश्रांती’ लिहिले आणि खोडले. ती हे कसे म्हणेल? तिच्या स्वयंपाकघरातील क्रूस मला ठाऊक होता, त्याखालचे बाकडेही. तिथे बसून म्हणता येईल तेवढेच ठेवले. सकाळी एका मुलाकरवी कागद तिच्या दारात ठेवविला.

तीन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. “फादर, एक ओळ बदलली मी. चालेल ना?”

मी लिहिले होते, ‘प्रभो, तुझ्या इच्छेपुढे आम्ही नम्र आहोत.’ तिने तेथे म्हटले होते, ‘ते एकटे गेले. तिकडे त्यांना एकटे ठेवू नकोस.’

त्यानंतर ती पाने मी आणखी पुष्कळ घरी पाठविली. ओळ तिचीच ठेवली.